जिथे बैल जगत नाही

आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परवा पुन्हा फिरत आला. आफ्रिकेत सोनं आहे, हिरे आहेत, तेल आहे, तरी तिथले लोक गरीब. कारण काय, तर आळस. खाली सहा अंगठे आणि एक नमस्कार. कातडीच्या रंगावरून माणसाची अक्कल आणि कष्ट जोखायची ही खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी कवट्यांची मापं काढत, आता मोबाइल पुरतो.

मुळात आफ्रिका म्हणजे 54 देश, आणि सगळ्यांची एकच कहाणी असायचं काही कारण नाही. गुलामांचा व्यापार (एकट्या अटलांटिक मार्गावर सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंडली गेली), खाणीपासून थेट बंदरापर्यंत नेलेले वसाहतींचे रेल्वेमार्ग, समुद्रकिनाराच नसलेले 16 देश, स्वातंत्र्यानंतरचे लष्करी उठाव, ही कारणं कुठेही वाचायला मिळतात आणि ती खरीही आहेत. मी लिहिणार आहे ते माझ्या लाडक्या कारणाबद्दल. त्याची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर आहे आणि त्याला पंख आहेत: गुरांचा जीव घेणारी एक माशी.

त्याआधी एक हिशेब. समजा, एक हमाल डोक्यावर 25 किलो धान्य घेऊन निघाला. रोज 20 किलोमीटर चालला आणि रोज किलोभर धान्य खाल्लं. अडीचशे किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन परत यायला त्याला 25 दिवस लागतील. म्हणजे सगळं ओझं त्याच्याच पोटात! बैल वाटेत गवत खातो आणि गाडीला जुंपला की अशा कितीतरी हमालांचं ओझं ओढतो. बैलच नसेल तर शंभर कोसांवर धान्य विकणं परवडत नाही. तेवढ्या लांब न्यायला परवडतं ते सोनं, हस्तिदंत आणि स्वतःच्या पायांनी चालणारा माल, म्हणजे माणूस.

ही नुसती कागदावरची बेरीज नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत घोडे, खेचरं, बैल उतरवले आणि ते पटापट मेले. मग सुमारे दहा लाख आफ्रिकी हमालांच्या डोक्यावर ती लढाई वाहिली गेली. नैरोबीतल्या एका वस्तीचं नाव आजही ‘कारिओकोर’ आहे. ‘कॅरिअर कोअर’, म्हणजे हमालांचं दल, त्याचा तो अपभ्रंश.

जनावरं मारणाऱ्या माशीचं नाव त्सेत्से. बसली की पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक घडी घालते. नर आणि मादी दोघंही रक्तावरच जगतात. पण खरा मारेकरी तिच्या सोंडेतून येणारा एकपेशीय जीव, ट्रिपॅनोसोम. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये गुरांच्या ‘नागाना’ रोगाच्या मागे लागलेल्या डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला 1895 साली तो आजारी जनावरांच्या रक्तात वळवळताना दिसला.

आता या जीवाची करामत, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. हिवतापाचा जंतू लाल रक्तपेशीच्या आत लपतो. ट्रिपॅनोसोम लपत नाही, तो रक्तात उघडा पोहतो. त्याच्या अंगभर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी प्रती दाटीवाटीने उभ्या असतात, जणू अंगरखाच. बैलाचं शरीर तो अंगरखा ओळखतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि काही दिवसांत जवळजवळ सगळे ट्रिपॅनोसोम मारून टाकतं. ताप उतरतो. पण त्यातल्या मूठभरांनी तोवर अंगरखा बदललेला असतो. नव्या प्रथिनाला जुनी प्रतिपिंडं चिकटत नाहीत. मूठभरांचे पुन्हा कोट्यवधी होतात, शरीर पुन्हा पहिल्यापासून तयारीला लागतं, तोवर तिसरा अंगरखा येतो.

या कपाटात अंगरखे किती? एकेका अंगरख्याचं एकेक जनुक, आणि अशा जनुकांची संख्या दोन हजारांच्या आसपास. त्यातली बरीचशी मोडकी आहेत, पण त्यांचे तुकडे जोडून नवी जनुकंही शिवली जातात. गंमत म्हणजे एका वेळी एकच जनुक चालू असतं. गुणसूत्रांच्या टोकांजवळ या जनुकांसाठी साधारण पंधरा जागा आहेत. त्यांपैकी एकच जागती, बाकीच्या झोपलेल्या. कपाटातल्या एखाद्या जनुकाची नक्कल जागत्या जागी येऊन बसली की जुनं पुसलं जातं. किंवा जागती जागाच झोपते आणि दुसरी उठते. (इथवर आलात तर अवघड घाट संपला.) म्हणूनच नागानावर लस नाही. ‘लवकरच येणार’ अशा मथळ्यांवर मी तरी आता विश्वास ठेवत नाही. लशीने कुठला अंगरखा दाखवायचा शरीराला?

बैल या लाटांमध्ये खंगत जातो. रक्त पातळ होतं, फऱ्या आणि बरगड्या वर येतात, मान जू पेलत नाही. रानरेडे आणि हरणं मात्र हेच जंतू अंगावर बाळगून निवांत चरतात. त्यांचा या जंतूशी लाखो वर्षांचा परिचय आहे.

माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, एपीओएल-1. ते बहुतेक जातींच्या ट्रिपॅनोसोमांना फोडून टाकतं. ज्या दोन प्रकारांनी त्यावर तोड काढली, त्यांच्यामुळे माणसाला निद्रारोग (स्लीपिंग सिकनेस) होतो. हे प्रथिन किती मोलाचं आहे याचा पुरावा महाराष्ट्रातला आहे. आपल्याकडे त्सेत्से नाही, पण गुराघोड्यांना ‘सर्रा’ होतो तो ट्रिपॅनोसोमच्याच एका भाऊबंदामुळे, आणि तो पसरवतात चावऱ्या गोमाश्या. माणसाला तो सहसा होत नाही. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र हाच जंतू सापडला. तपासणीत कळलं, की हे प्रथिन बनवणाऱ्या त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या.

माशीमुळे बैल नाही, बैल नाही म्हणून नांगर नाही, गाडी नाही, खत नाही, ही साखळी ऐकायला छान वाटते. पण तपासायची कशी? मार्सेला अल्सान या डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2015 साली ते केलं. तापमान आणि आर्द्रता यांवरून त्सेत्सेला कुठे पोषक हवा आहे याचा नकाशा काढला आणि वसाहतपूर्व समाजांच्या नोंदींशी ताडून पाहिला. जिथे माशीची चंगळ, तिथे पाळीव जनावरं आणि नांगर कमी, वस्ती विरळ, मोठी राज्यंही कमी. यावर कुणी म्हणेल, अशा दमट हवेत कुठेही असंच होत असेल. म्हणून त्यांनी तेच सूत्र आफ्रिकेबाहेरच्या तशाच हवेच्या प्रदेशांना लावलं, जिथे त्सेत्से नाही. तिथे हा संबंध दिसला नाही. हवेवर फोडलेलं खापर माशीच्या डोक्यावर गेलं ते असं.

तरी लाडक्या कारणाच्या प्रेमात वाहून जाऊ नये. इथिओपियाचं पठार उंच आणि थंड, तिथे माशी नाही, बैलांचा नांगर हजारो वर्षं चालतो आहे, मोठं साम्राज्यही झालं. देश आजही गरीब आहे. उलट बोट्स्वानाच्या ओकाव्हांगो भागात माशी होती, 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. हिऱ्यांचा पैसा नीट वापरून तो पुढे गेला.

शिवाय माशीचा मुलूखही कायमचा आखलेला नसतो. 1880 च्या दशकाच्या शेवटी आपली बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथरोग, एरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरली. इटालियन सैन्यासाठी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर ती गेली असं बरेच इतिहासकार मानतात. दहा वर्षांत ती पार दक्षिण टोकाला पोचली, काही भागांत दहातली नऊ गुरं गेली. रानरेडेही मेले, त्यामुळे आधी माशीच उपाशी मरून मागे हटली. पण चरायला कुणी नाही म्हटल्यावर कुरणांत झुडपं माजली, रानटी जनावरं गुरांच्या आधी सावरली आणि सावली शोधणारी माशी परत आली. सफारीला गेल्यावर आपण ज्याला अस्पर्श अरण्य म्हणतो, त्यातली काही जागा कुणाच्या तरी गुरांचं रान होती.

या माशीचं एक मर्म आहे. मादी अंडी घालत नाही. पोटात एकच अळी दुधावर वाढवते आणि नऊ-दहा दिवसांनी ती जमिनीवर सोडते. जन्मभरात फार तर दहाएक पिल्लं, आणि नराशी संग बहुधा एकदाच. झांझिबारच्या उंगुजा बेटावर 1990 च्या दशकात लाखो नर प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने वांझ केले आणि विमानातून सोडले. अशा नराशी जुळलेली मादी वांझच राहिली. 1997 साली बेट माशीमुक्त जाहीर झालं.

बेटाभोवती समुद्र होता. मुख्य भूमीवर एका जिल्ह्यातली माशी संपवली की शेजारच्या जंगलातून दुसरी येते. त्यामुळे तिथे अजून निळं कापड चालतं. या माशीला निळा रंग खुणावतो. कीटकनाशक चोपडलेले वीतभर रुंद, हातभर लांब तुकडे काठीला बांधून नदीकाठी रोवतात. उन्हात ते विटतात, पुरात वाहून जातात, मग पुन्हा रोवावे लागतात.