व्हीपीएन लागला, पण प्रोग्राम चालतोय कुठे?

"व्हीपीएन लागलाय, तरी ऑफिसचा कॉम्प्युटर दिसत नाही." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. दिसणार नाहीच, कारण तुम्हाला हवाय तो रिमोट डेस्कटॉप.

रिमोट डेस्कटॉप बहुतेकांनी वापरलेला असतो. ऑफिसच्या मशीनची स्क्रीन घरी दिसते, इथलं माउस-कीबोर्ड तिकडे चालतं. त्या मशीनवर विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. व्हीपीएन स्क्रीन आणत नाही. तो तुमचा घरचा लॅपटॉपच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये घेतो. दोन्हींच्या आयकॉन, पासवर्ड, ओटीपीतले फरक किरकोळ.

घोळ होतो तो पुढे. व्हीपीएनवरून सर्व्हरवरची, म्हणजे फाइली ठेवलेल्या ऑफिसच्या सामाईक मशीनवरची, फाइल उघडली, तर प्रोग्राम चालतो तुमच्या लॅपटॉपवर आणि डेटा मात्र तिकडून थोडा थोडा येत राहतो. ऑफिसात सर्व्हरकडे एक खेप, म्हणजे मागणी जाऊन उत्तर परत येणं, मिलिसेकंदाच्या आत होते, घरून 40 मिलिसेकंद धरा. अकाउंटिंगच्या प्रोग्रामने एका रिपोर्टसाठी एकामागून एक 10,000 खेपा घातल्या तर 400 सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त, नुसते येण्याजाण्यात जातात. अशा वेळी लोक 100 एमबीपीएसचं कनेक्शन 300चं करून घेतात. पैसे वाया! प्रत्येक खेपेचा वेळ तेवढाच राहतो.

हळू चालणं एक वेळ परवडलं. मार्चअखेरीस आमच्या ओळखीच्या एका अकाउंटंट ताई घरून अशाच एंट्री करत होत्या. व्हाउचर सेव्ह होत असतानाच लाइट गेली, राउटर बंद. डेटा फाइल अर्धवट लिहिली गेली आणि खराब झाली. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवून दिवसभराच्या एंट्री पुन्हा माराव्या लागल्या. रिमोट डेस्कटॉपवर असत्या तर लाइट आल्यावर परत जोडून घेतलं असतं, अर्धवट टाइप केलेलं व्हाउचर तसंच उघडं मिळालं असतं.

एखादी वर्ड फाइल, छोटं एक्सेल, ऑफिसातली अंतर्गत वेबसाइट, यांना नुसता व्हीपीएन पुरतो. अकाउंटिंगसारख्या डेटाबेसवर चालणाऱ्या कामाला माझं उत्तर एकच: आधी व्हीपीएन जोडा, मग त्यातून रिमोट डेस्कटॉप उघडा. व्हीपीएनची कटकट नको म्हणून राउटरवर 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, सरळ इंटरनेटला उघडून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय आत शिरू देणारं ब्लूकीप नावाचं भगदाड 2019 मध्ये उघड झालं, ते याच दारात होतं.

आणि व्हीपीएन "कनेक्टेड" दाखवतोय पण सर्व्हर सापडत नाही, असं झालं तर घरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला मशीनचा नंबर, बघा. घरी त्याची सुरुवात 192.168.1 आणि ऑफिसातही 192.168.1 असेल, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. ऑफिसच्या पत्त्यांची रेंज 10.37.4 अशी काहीतरी आडवळणाची करून घ्या, आणि ती लोकांना व्हीपीएन देण्याआधीच करा.