ड्रम ब्रेक बदल (जुन्या गाड्यांचा)

जुन्या गाडीचे मूळचे ड्रम काढून तिच्याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीचे, बहुतेक वेळा भंगारातून आणलेले, मोठे ड्रम किंवा डिस्क बसवणं. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं, त्याला आतून शू (ब्रेकचे वाकडे पट्टे) दाबून थांबवतात; डिस्क म्हणजे चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. गोव्यात विलिस जीप आणि बुलेटवाले हे करून घेतात.

ड्रम ब्रेक पहिला कोणी शोधला यावर एकमत नाही. पुष्कळ जण फ्रेंच मोटार-उत्पादक लुई रेनॉ आणि 1902 साल सांगतात, पण जर्मन इंजिनियर मायबाखने आखलेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजला साधारण 1901 मध्येच मागच्या चाकांना ड्रम होते, त्यामुळे पहिला वापर मायबाखचा आणि आतून फाकणाऱ्या शूची पक्की रचना रेनॉची असं धरणं जास्त बरोबर वाटतं. इंग्लंडच्या लँचेस्टर या इंजिनियरचं डिस्कचं पेटंटही 1902 चंच, म्हणजे ड्रम जुना नि डिस्क नवी हा समज अर्धाच खरा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिसला 9 इंची ड्रम आणि एकच सर्किट (चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलच्या पाइपांची एकच जोडणी), कुठेही पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. सत्तरच्या दशकातल्या सीजेचे (विलिसच्याच घराण्यातल्या नागरी जीपचे) 11 इंची ड्रम बसवले की नुसत्या त्रिज्येमुळेच पकड साधारण 22 टक्के वाढते, आणि चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना जास्त लोखंड असल्याने ते उशिरा तापतात. सोबत दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपात ढकलणारा) घालावाच.

डिस्क घातली तर वेगळी गोष्ट. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळला जातो, डिस्कमध्ये तसं होत नाही, म्हणून पेडल जड लागतो आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच ठेवला तर पॅड सुटत नाहीत, चाक जॅकवर हाताने फिरवलं की घासल्याचा आवाज येतो.

भंगारातून फक्त लोखंड घ्यावं, रबर कधीच नाही. होज, वॉशर, सिलिंडरचं किट नवीनच पाहिजे, यात पैसे वाचवू नयेत हे अगदी कळकळीने सांगणं आहे. ड्रमच्या आतून बोट फिरवून पाहावं, कडेला उंचवटा लागला तर तो झिजलाय, आणि आतून तासून घ्यायला लेथवर नेण्याआधी ड्रमवर कोरलेलं कमाल माप वाचावं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, गोव्याच्या पावसाळ्यात तर जास्तच, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून हवा काढून घ्यावी.

2021 च्या केंद्रीय नियमांत 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज धरतात. मोठ्या फेरफारात चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. तरी काढलेले मूळ ड्रम ग्रीस लावून जपून ठेवावेत.