भोरड्या कधी गेल्या?

युरोपात मार्च लागला की पक्षीवेडे पहिल्या पाकोळीची वाट बघत बसतात. आमच्या निपाणीकडच्या काळ्या रानात हिशेब उलटा. शिमग्याच्या सुमाराला भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आणि बाकीची हिवाळी पाखरं इथून निघतात, म्हणून टिपायची ती शेवटची तारीख.

पंचाईत अशी की, सप्टेंबरात ओढ्यावर शेपटी हलवणारा पहिला धोबी दिसला, की तो पहिला हे तिथेच कळतं. शेवटचा मात्र शेवटचा होता, हे आठ-दहा दिवसांनी लक्षात येतं. बांधावर एका काकांना विचारलं, "भोरड्या गेल्या काय हो?" तर म्हणाले, "कालपतोर हुत्या की!" पलीकडच्या मळ्यात विचारलं, तर गेल्या त्याला आठवडा झालेला. तेव्हापासून मी वहीत ‘आज दिसल्या नाहीत’ हेसुद्धा लिहितो.

भोरडी निघायच्या बेतात आहे हे तिच्या अंगावरून ओळखता येतं. पावसाळा सरता सरता ती येते तेव्हा मळकट दिसते, कारण नव्या पिसांच्या कडा मातकट असतात. हिवाळाभर त्या झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. म्हणजे ही नटते ती जुनेच कपडे झिजवून! पिवळ्या धोब्याचं तसं नाही. तो खरोखरच पिसं बदलतो. पाणी पाजलेल्या वाफ्यात जानेवारीत फिक्कट दिसणारा धोबी मार्चअखेर हळदीत बुडवल्यासारखा होतो.

या दिवसांत पांगाऱ्याखाली पाच मिनिटं उभं राहावं. फुलातला रस पिणाऱ्या भोरड्यांचा कलकलाट चालू असतो आणि कपाळाला पराग लागलेला असतो. त्याच शाळवावर उतरल्या की गोफण फिरते, तेही साहजिक आहे. पण त्या नाकतोडेही फस्त करतात. कझाकस्तानच्या गवताळ माळावर मे-जूनमध्ये पिल्लं वाढवतात तीही मुख्यतः टोळ-नाकतोड्यांवरच.

हजारो किलोमीटरवरच्या त्या माळाची वेळ इथे बसून कळते कशी? मुख्य खूण दिवसाच्या लांबीची. बेळगावात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दोन तासांचाही फरक नाही, पण तेवढा पुरतो. पाखरांच्या मेंदूत खोलवर प्रकाश जाणणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. दिवस वाढला की संप्रेरकं बदलतात, भूक खवळते, कातडीखाली पिवळसर चरबी साठते. प्रवासाची शिदोरी तीच. घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर येणारे कांड्या करकोचेही याच घड्याळावर परततात.

मागच्या खेपेला वहीत सलग चार दिवस ‘नाहीत’ लिहून मी पाचव्या दिवशी ‘गेल्या’ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तारेवर वीस-पंचवीस भोरड्या, झगझगीत गुलाबी! दक्षिणेत हिवाळा काढून परतणारा थवा असावा. ‘गेल्या’ खोडलं आणि पुन्हा दिवस मोजायला लागलो.