पाण्यासारखे जुलाब आणि रक्ताची आव

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे तान्ह्या पोराला जुलाब लागले की घरातलं निदान ठरलेलं: दात येताहेत. मग कुणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि अँटिबायोटिकची बाटली घेऊन येतं. जुलाब कसले आहेत, हे मात्र कुणी बघत नाही.

रोटाव्हायरस सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना जास्त गाठतो. आधी उलट्या, ताप, मग भसाभस पाणी; रक्त नाही. विषाणू लहान आतड्यातल्या शोषून घेणाऱ्या पेशी खराब करतो, म्हणून पाणी अंगात मुरत नाही. आठवडाभरात आजार आपला आपण ओसरतो. अँटिबायोटिकचा इथं काडीचाही उपयोग नाही. जीव जातो तो अंगातलं पाणी आटल्यानं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा; ती सावकाश मागे गेली, मूल मलूल पडलं, लघवी झालीच नाही, तर थेट दवाखाना. एरवी ओआरएस, १४ दिवस झिंक आणि अंगावरचं दूध चालू. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका, मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडातून, सरकारी दवाखान्यात फुकट.

शिगेला हा जिवाणू मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसतो. शी थोडीथोडी पण सारखी, आव, रक्त, कुंथणं, पोटात कळ. सुरुवातीला हेही जुलाब पाण्यासारखे असू शकतात, तेव्हा एका दिवसावर निकाल लावू नये. शिगेलाला अँटिबायोटिक लागतं, आणि नेमकं तेच आता चालेनासं झालंय. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा शिगेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत चिंतेच्या जंतूंमध्ये आहे.

यात त्या मेडिकलच्या बाटलीचा हात आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबात दिलेलं औषध विषाणूला शिवत नाही. पोटातले साधे जंतू मरतात आणि औषधाला पुरून उरलेले माजतात. हे उरलेले आपली प्रतिकाराची जनुकं शिगेलालाही देऊ शकतात. जंतूंची जात वेगळी असली तरी ही देवाणघेवाण चालते.

रक्त दिसलं तर डॉक्टरांना शीच्या कल्चरचं, म्हणजे शीतला जंतू वाढवून बघायच्या तपासणीचं, विचारा, पण नमुना औषधाच्या पहिल्या डोसाआधी द्या. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू बरेचदा वाढतच नाही, आणि कुठलं औषध लागू पडेल हे कळायचं राहून जातं.