व्हायोलिनचं वय कानाला कळतं का?

२०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धा भरली होती. त्या गडबडीत २१ वादक एकेक करून एका हॉटेलच्या खोलीत जाऊन आले. खोलीत दिवे मंद केलेले, वादकाच्या डोळ्यांवर वेल्डरचा काळा गॉगल. व्हायोलिनचा जो भाग हनुवटीखाली येतो तिथे अत्तराचा ठिपका लावलेला, कारण जुन्या लाकडाला आणि वारनिशला स्वतःचा वास असतो आणि मुरलेला वादक नाकानेही वाद्य ओळखेल अशी शंका होती. व्हायोलिन हातात देणाऱ्यालाही ते कोणतं आहे हे ठाऊक नव्हतं.

प्रयोग होता फ्रान्सच्या ध्वनिशास्त्रज्ञ क्लाउडिया फ्रिट्झ आणि अमेरिकन व्हायोलिन-कारागीर जोसेफ कर्टिन यांचा. सहा व्हायोलिनं होती. दोन अंतोनियो स्त्रादिवारीची, एक ग्वार्नेरी देल जेझूचं (हे दोघे इटलीतल्या क्रेमोना गावचे तीनएकशे वर्षांपूर्वीचे नामवंत कारागीर) आणि तीन अगदी नवी. तीन जुन्यांची एकत्र किंमत एक कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे नव्या तिघांच्या सुमारे शंभरपट. शेवटी प्रत्येकाला विचारलं, यातलं कोणतं घरी न्याल? २१ पैकी १३ जणांनी नवं उचललं. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला. नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे ओळखायला १७ जणांना सांगितलं, तर सात जणांनी हात टेकले, सात चुकले आणि तिघांनीच बरोबर सांगितलं.

यावर टीका झाली नसती तरच नवल. हॉटेलची खोली म्हणजे काही सभागृह नव्हे, आणि तेवढ्याशा वेळात वाद्य हाती येत नाही, हे दोन्ही आक्षेप रास्तच होते. म्हणून २०१२ मध्ये पॅरिसजवळ व्हॅन्सेनला हाच प्रयोग पुन्हा केला. या वेळी दहा नामांकित एकल वादक, सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं, प्रत्येकाला ७५ मिनिटांची दोन सत्रं, त्यातलं एक ३०० आसनांच्या सभागृहात. दहापैकी सहा जणांनी नवं निवडलं. वाद्य नवं की जुनं याचे अंदाज ३१ वेळा बरोबर आले आणि ३३ वेळा चुकले. नाणं उडवूनही एवढंच जमलं असतं.

‘नव्याने जुन्याला हरवलं’ असा अर्थ पुष्कळांनी काढला, तो मला पटत नाही. बारा व्हायोलिनांवरून तीनशे वर्षांच्या कारागिरीचा निकाल लावता येत नाही. शिवाय वादकांच्या आवडीनिवडी एकमेकांशी फारशा जुळल्या नव्हत्या. सिद्ध झालं ते एवढंच, की वाद्याचं वय हा काही कानाला कळणारा गुण नाही. मग कानाला काय कळतं, हे पाहायचं तर व्हायोलिनच्या पोटात डोकवावं लागतं.

गजाच्या केसांना राळ लावलेली असते. गज ओढला की तार केसांना चिकटून थोडी पुढे जाते, निसटते, परत चिकटते. ‘ए’ सुराची मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली, तार गजाने वाजवली तर हे सेकंदाला ४४० वेळा होतं. तारेची ही चाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात उलगडली. पण बारीक तार एकटी हवा हलवू शकत नाही. तिची थरथर घोडीकडे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याकडे, जाते आणि घोडी डावी-उजवीकडे झुलते. घोडीच्या उजव्या पायाशी, किंचित मागे, पेटीच्या आत सहाएक मिलिमीटर जाडीचा, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा एक खांब उभा असतो. तो चिकटवलेला नसतो. वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. त्याच्यामुळे ती बाजू जवळजवळ स्थिर राहते, आणि घोडीचा डावा पाय वरच्या पाटीला खाली-वर ढकलत राहतो. पाटी हलली की पेटीतली हवा वरच्या पाटीतल्या दोन भोकांमधून आत-बाहेर होते, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर होते तशी. हा हवेचा अनुनाद २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास, ‘डी’च्या मोकळ्या तारेच्या सुराच्या जरा खाली येतो. व्हायोलिनच्या खालच्या सुरांना जो भरीवपणा असतो त्याचा मोठा वाटा इथला.

वरची पाटी स्प्रूसची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. पाठ मेपलची, मध्ये साडेचारच्या आसपास आणि कडेला उतरत गेलेली. कारागीर ती छोट्या रंध्याने आणि पातळ पोलादी पत्तीने तासत जातो, मधूनच दोन बोटांत धरून ठोकून ऐकतो. एक दशांश मिलिमीटर जास्त गेलं तर परत आणता येत नाही. जोडकामाला सरस वापरतात, कारण ताण वाढला तर लाकूड फुटण्याऐवजी सांधा उघडावा आणि दुरुस्तीसाठी पेटी सहज खोलता यावी. क्रेमोनात ३०० वर्षांपूर्वी हेच होत होतं. फरक एवढाच, की आजच्या कारागिराच्या हाताशी सीटी स्कॅन आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ‘टिशियन’ आणि ‘विलमॉट’ ही दोन स्त्रादिवारी आणि ‘प्लाउडेन’ हे ग्वार्नेरी यांच्या पाट्यांचा ठिकठिकाणचा कंप लेसरने मोजून झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये सॅम झिग्मुंटोविच हा न्यूयॉर्कचा कारागीर होता.

गंमत म्हणजे आज वाजतं ते स्त्रादिवारी खुद्द स्त्रादिवारीनेही ऐकलेलं नाही. १७३७ मध्ये तो गेला. त्यानंतर सभागृहं मोठी झाली, सूर चढला, तारांचा ताण वाढला. मग त्याच्या जवळपास सगळ्या व्हायोलिनांची मान बदलून लांब आणि मागे झुकलेली बसवली, आतली आधारपट्टी काढून जाड घातली. पुढे आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी आणि कृत्रिम तारा आल्या. स्त्रादिवारीच्या आवाजाचं रहस्य मानल्या गेलेल्या वारनिशच्या गुप्त पाककृतीतही फारसं काही निघालं नाही. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या पाच स्त्रादिवारी वाद्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाले. निघालं काय, तर तेल, राळ आणि रंगद्रव्य. त्या काळातल्या कुठल्याही चित्रकाराच्या घरात सापडलं असतं असं साहित्य!

व्यावसायिक वादकांनी मात्र प्रयोगांची वाट पाहिली नव्हती. जर्मनीचे ख्रिस्तियान टेट्झलाफ स्त्रादिवारी सोडून पीटर ग्राइनर या हयात कारागिराच्या व्हायोलिनवर मैफली करतात. अमेरिकेच्या एमर्सन या तंतुवाद्य चौकडीच्या वादकांनी झिग्मुंटोविचची वाद्यं घेतली. विख्यात व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांच्याकडे दोन ग्वार्नेरी होती, तरी त्यांनी झिग्मुंटोविचकडून त्यांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतली एक २००३ मध्ये १,३०,००० डॉलरला गेली. हयात कारागिराच्या व्हायोलिनला लिलावात तेव्हा मिळालेला तो विक्रम होता. याउलट ‘लेडी ब्लंट’ हे स्त्रादिवारी २०११ मध्ये १ कोटी ५९ लाख डॉलरला विकलं गेलं. असली वाद्यं बहुतेक वेळा बँका, संस्था किंवा संग्राहकांच्या मालकीची असतात. वादकाला ती काही वर्षांपुरती मिळतात आणि मागितली की परत करावी लागतात. नवं वाद्य स्वतःचं असतं. वर दुखणं सांगायला ते बनवणारा समोर असतो. स्त्रादिवारीला फोन लावता येत नाही.

नवं वाद्य ‘वाजवून वाजवून उघडतं’ असं मात्र वादक ठामपणे सांगतात. सिडनीत याची परीक्षा झाली. एकाच झाडांच्या लाकडाची, एकाच कारागिराने केलेली दोन व्हायोलिनं घेतली. एक संग्रहालयात ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकाने नियमित वाजवलं. तीन वर्षांनी वादकांना आणि श्रोत्यांना दोघांत लक्षणीय फरक सापडला नाही. पहिल्या काही महिन्यांत नवं व्हायोलिन बदलतं हे खरं. तारांच्या दाबाने पाट्या किंचित सरकतात, आतला खांब सैल पडतो आणि नव्याने बसवावा लागतो. त्यापुढचा बदल वाद्यात किती आणि वादकाच्या हातात किती, हे वेगळं करणं अवघड आहे. माझा कल हाताकडे आहे.

आवाज लांबवर पोचण्याचा मुद्दाही याच फ्रिट्झ-कर्टिन मंडळींनी तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पॅरिसमध्ये ५५ आणि न्यूयॉर्कमध्ये ८२ श्रोते पडद्याआडचं वादन ऐकत होते. नव्या व्हायोलिनांचा आवाज जास्त पोचतो, असं त्यांचं मत पडलं आणि पसंतीही नव्यांनाच मिळाली. जुन्या व्हायोलिनचा सूर कानाशी नाजूक वाटला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो, ही समजूत त्यात टिकली नाही. वादकाचा डावा कान भोकांपासून वीतभर अंतरावर असतो. तिथून सभागृहाचा अंदाज बांधणं म्हणजे निम्मा तर्कच.

तरी वादक वाद्य निवडतो ते केवळ आवाजावर नव्हे. गज टेकताच सूर किती चटकन उठतो, दाब वाढवला तर आवाज आणखी देतो की घुसमटतो, हनुवटीला आणि डाव्या पंजाला थरथर कशी जाणवते, या सगळ्याला ते ‘प्रतिसाद’ म्हणतात. प्रयोगांत असं दिसलं, की एकच वादक तेच वाद्य पुन्हा हाती आलं तर बऱ्यापैकी तेच मत देतो, पण दोन वादकांची मतं जुळत नाहीत. ‘गडद’, ‘खुला’, ‘दाटलेला’ हे शब्द सगळेच वापरतात, प्रत्येक जण आपापल्या अर्थाने. त्यामुळे वाद्य जुळवताना मुरलेला कारागीर ‘जरा वाजवून दाखवा’ म्हणतो, ऐकतो, वाकड्या पोलादी सळईने भोकातून तो खांब केसभर सरकवतो, आणि पुन्हा वाजवायला सांगतो. हा प्रतिसाद मोजायचा कसा, यावर ध्वनिशास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे.