दोष आईकडचा नव्हे

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भ्रम आणि भास होणारा मानसिक आजार) झाला की ‘आईच्या माहेरी कुणी असं होतं का?’ ही चौकशी ठरलेली. त्यात मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो असं वाचनात आलं, की या जुन्या संशयाला विज्ञानाचाच शिक्का मिळाल्यासारखं वाटतं. तसा तो मिळत नाही.

मायटोकाँड्रिया पेशीला ऊर्जा पुरवतात. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू जवळपास २० टक्के ऊर्जा खातो, त्यामुळे हा पुरवठा आटला तर मेंदूला झळ लवकर लागते. मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं आहेत. हा क्रम १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचला गेला. पण त्यातून प्रथिनं बनतात अवघी १३. मायटोकाँड्रियाला तर हजारावर लागतात! उरलेल्यांची जनुकं केंद्रकातल्या गुणसूत्रांवर असतात, आणि ती आई-वडील दोघांकडून येतात.

या १६,५६९ अक्षरांपैकी ३२४३व्या जागी एक अक्षर बदललं तर मधुमेह, बहिरेपणा, पक्षाघातासारखे झटके, क्वचित भ्रम आणि भासही होतात. हा वारसा खरोखर आईकडचा; पण तो वेगळा, दुर्मीळ आजार. नेहमीच्या स्किझोफ्रेनियात आई आजारी असो वा वडील, मुलाचा धोका साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच राहतो.

मायटोकाँड्रिया आणि स्किझोफ्रेनिया यांना जोडणारा खरा धागा सापडतो २२व्या गुणसूत्रावर. तिथला सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा काहींमध्ये गळालेला असतो. बहुतेकदा तो नव्यानेच गळतो, कधी आईकडून किंवा वडिलांकडून तसाच येतो. अशा चौघांपैकी साधारण एकाला पुढे स्किझोफ्रेनिया होतो. गळालेल्या जनुकांपैकी काही मायटोकाँड्रियाच्या कामाची आहेत.

मग उरलेले तिघे कसे वाचतात? फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी अशा लोकांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या. आजारी व्यक्तींच्या चेतापेशींत ऊर्जा कमी भरली. तोच तुकडा गळालेला, पण आजार नसलेल्यांच्या पेशींनी मात्र मायटोकाँड्रिया वाढवून तूट भरून काढली होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. बेझाफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं जुनं औषध दिल्यावर आजारी व्यक्तींच्या पेशीही सावरल्या. अर्थात बशीतल्या पेशी सावरणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं. चालू गोळ्या बंद करून केमिस्टकडे हे औषध मागायला कुणी जाऊ नये.