मुंबई–सिंधुदुर्ग : अंतर व प्रवासवेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किमी आहे. रस्त्याने तेच पाचशेच्या घरात जाते.

ही तफावत खाड्यांमुळे पडते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांची मुखे रुंद आहेत. त्यामुळे मुंबई–गोवा महामार्ग (आताचा क्र. ६६) किनारा सोडून महाड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून जातो. वाटेत कशेडी आणि परशुराम घाट लागतात. किनाऱ्यानेच जायचे म्हटले, तर दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. फेरी चुकली की समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला खाडीला भला मोठा वळसा पडतो. कोकणात नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये.

चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तेव्हा उडान या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली मुंबईहून एटीआर ७२ जातीचे पंख्याचे विमान ये-जा करू लागले. योजनेची मुदत सरल्यावर ही सेवा थांबली. या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किमी. त्या हिशेबाने पाऊण तास पुरावा, पण वेळापत्रकात ८५ मिनिटांच्या आसपास धरलेली असत. मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि वळसे यांतच उरलेला वेळ जातो. पल्ला जितका लहान, तितका हा वाटा मोठा.

शिवाय तासदीड तास आधी विमानतळ गाठणे आलेच, आणि उतरल्यावर कुडाळ पंचवीसेक किमी. घरापासून घरापर्यंत मोजले तर चार-पाच तास सहज होतात. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत गाडी कणकवलीला सुमारे सहा तासांत नेते, म्हणजे विमानाची बचत तासा-दोन तासांचीच. पावसाळी वेळापत्रकात रेल्वे मंदावते हे खरे, पण कातळसड्यावरच्या चिपीवर ढग उतरले की विमानाचाही भरवसा नसतो. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला मखराच्या सामानासकट विमान परवडते का, हा प्रश्न वेगळाच.

गोव्यातील मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. मुंबईपासून तो हवाई मार्गाने चिपीहून लांब, सुमारे ३९० किमीवर आहे. तरी जेट विमाने साधारण सव्वा तासात पोचतात. बांदा, दोडामार्गाकडच्या प्रवाशांना तोच जवळ पडतो.